काच वाहत नाही, आणि तिच्यात अणूंचा बाजारही भरलेला नाही

‘काच हा घन पदार्थ नाही, अतिशय संथ वाहणारा द्रव आहे. जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा खालून जाड झाल्यात, हा पुरावा. आतले अणू कसेही विखुरलेले, त्यामुळे काचेला रचना नसतेच.’ हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे.

खिडक्यांचं लवकर उरकू. त्या काळी तप्त काचेचा गोळा फुगवून, गरगर फिरवून तबकडी करत आणि तिचे तुकडे कापत. जाडी मुळातच असमान. काही काचा वरच्या बाजूला जाड सापडतात. त्या काय वर वाहिल्या? मध्ययुगीन मिश्रणाची काच बनवून काही वर्षांपूर्वी तिची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, तपासली गेली. नेहमीच्या तापमानाला ती अब्ज वर्षांत जेमतेम १ नॅनोमीटर सरकेल, असा हिशेब निघाला.

‘रचना नाही’ हे मात्र सावकाश तपासण्यासारखं आहे. स्फटिकावरून क्ष-किरण ठसठशीत ठिपके देतात, काचेवरून नुसती पसरट वलयं. समजाचं मूळ इथे असावं. पण ठिपक्यांना दूरवर तीच ती मांडणी लागते. ती नाही म्हणून शेजारही बेशिस्त, हे कुठून काढलं? भौतिकशास्त्रज्ञ झखारियासन यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं, की सिलिका काचेतही प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात, स्फटिकात असतात तसेच. फक्त हे चतुष्फलक, म्हणजे चार ऑक्सिजनच्या टोकांचे चौकोपरे आकार, एकमेकांना जोडले जातात तो कोन जागोजागी बदलतो.

शेजार मोजायला चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे एनएमआर, कामी आलं. चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्र ज्या वारंवारतेला प्रतिसाद देतं, ती लगतच्या शेजाऱ्यांनुसार किंचित सरकते. नमुना क्षेत्राशी ५४.७ अंशांत कलता ठेवून सेकंदाला हजारो वेळा फिरवला, की सिलिकॉन-२९ची शिखरं वेगळी दिसू लागतात. (हा समस्थानिक निसर्गातल्या सिलिकॉनमध्ये पाच टक्केही नाही, त्यामुळे चिकाटी हवी.) चारही ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनला जोडलेले असतील तर शिखर उणे ११० पीपीएमच्या (वारंवारतेचं सरकणं, दहा लाखांत किती भाग) आसपास, सोडियममुळे एक दुवा तुटला, तर उणे ९०च्या जवळ. शिखरांखालचं क्षेत्रफळ काढलं की तुटलेले दुवे मोजता येतात. शिखरं स्फटिकापेक्षा रुंद असतात हे खरं, पण ती रुंदीच कोनांचा पसारा सांगते.

बोरॉनने तर ‘कसेही’ हा शब्दच खोडला. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात फिलिप ब्रे आणि सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून बोरॉन-११ तपासला. बोरेट काचेत, म्हणजे बोरॉन ऑक्साइडपासून केलेल्या काचेत, सोडियम ऑक्साइड वाढवत गेलं, की तीन ऑक्सिजनवाले बोरॉन चारवाले होतात, आणि सुरुवातीला दर सोडियममागे एक बोरॉन, असा चोख हिशेब असतो.

द्रवाचा एक अंश त्या मजकुरात खरा आहे. गोठताना द्रवाची जी मांडणी होती, ती काचेत अडकून राहते. म्हणूनच एकाच मिश्रणाची बोरोसिलिकेट (बोरॉन आणि सिलिकॉन दोन्ही असलेली) काच झटकन थंड केली, तर एनएमआरमध्ये तीन ऑक्सिजनवाले बोरॉन जास्त सापडतात आणि सावकाश थंड केली तर कमी.