कर्ज फेडायचंय? एवढी घाई कसली?

कर्ज चालू असलेला फ्लॅट विकायला काढलाय? वा! मी नुकताच त्या दिव्यातून बाहेर पडलोय, तेव्हा चार हिताच्या गोष्टी सांगतो.

घेणाऱ्याला कुठलीही तारीख देऊ नका. त्याचं भाड्याचं घर सुटत असेल, मुलांच्या शाळा अडल्या असतील. तो त्याचा प्रश्न. विचारलंच तर ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणा. बँक तुम्हाला तेच सांगते आणि किती शांत असते बघा.

फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज मुदतीआधी बंद करायला किती रक्कम भरायची ते सांगणारं बँकेचं पत्र, मागायला जाताना सोबत डबा न्या.

शाखेत सांगतील, हे काम सेंट्रल प्रोसेसिंगला होतं. तिथे फोन लावलात की कळेल, रिक्वेस्ट शाखेनेच टाकायला हवी. ती ज्या मॅडमच्या लॉगिनमधून पडते, त्या ट्रेनिंगला. नाराज होऊ नका, ट्रेनिंग ग्राहकसेवेचंच असणार.

आता खरी मजा. घेणाराही कर्ज काढूनच घेणार. त्याच्या बँकेला डीडी काढण्याआधी फोरक्लोजर लेटर हवं आणि तुमच्या मूळ कागदांची यादी, म्हणजे एलओडी हवी. यादीला वरून अप्रूव्हल लागतं. कागद मागितले नव्हते हो, नुसती यादी! जे कागद यांनीच मोजून, सह्या घेऊन ठेवून घेतले, त्यांची यादी. ती येते तोवर लेटरची मुदत संपते. पुन्हा अर्ज. नवं लेटर येतं, तोवर घेणाऱ्याच्या बँकेतला माणूस बदललेला असतो आणि त्याला सगळं पहिल्यापासून हवं असतं. शेवटी डीडी निघतो, पण मधल्या दिवसांचं व्याज चढलेलं असल्यामुळे रक्कम किरकोळ कमी पडते आणि तेवढ्यासाठी खातं उघडं राहतं. फरक मी आत्ता खिशातून भरतो म्हणालो, तर ‘सिस्टीम बंद झाली, उद्या या’. उद्या आणखी एका दिवसाचं व्याज! आणि हप्त्याची तारीख उजाडली की हप्ता बिनबोभाट कापला जातो. त्याला ना मॅडम लागतात, ना लॉगिन, ना वरचं अप्रूव्हल.

एनओसी हातात पडली की सहकर्जदार म्हणून बायकोचं नाव नीट वाचा. तिथे भलतीच बाई असू शकते.

सेरसाईवरचा, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदणीतला, बोजा आपोआप उतरेल, या भ्रमात खुशाल राहा.

रिझर्व्ह बँकेचं १३ सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक मात्र शाखेत मोठ्याने वाचू नका. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. उगाच कुणाच्या हातून चहा सांडायचा. शिवाय हे ३० दिवस पैसे जमा झाल्यावर सुरू होतात. त्याआधी लेटर आणि यादीसाठी मारलेले हेलपाटे तुमच्या व्यायामाच्या खाती जमा.

जाऊ दे, नाही जमत मला ही थट्टा. अहो, आम्ही तुमचेच पैसे परत द्यायला आलोय! कर्ज देताना सहीला रविवारी माणूस घरी धाडलात. आमचा हप्ता दोन दिवस चुकला की दंड, फोन, सिबिलची धमकी. आणि तुम्ही आठवडेच्या आठवडे घालवलेत की ‘सर, जरा समजून घ्या’. काय समजून घ्यायचं? इकडे घेणारा इसार परत मागतोय, तिकडे आमच्या नव्या घराचा बिल्डर डिमांड लेटरं पाठवतोय. एक माणूस रजेवर गेला तर दुसऱ्याला लॉगिन द्यायला काय होतं? लेटर आणि यादी एकाच अर्जावर, एकाच दिवशी का मिळू नये?

आणि वाचकहो, तोंडी काही मागू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. काम अडलं तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा आणि तिला ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, ऑनलाइन होते, फी नाही. पोच द्यायला शिक्का सापडत नाही म्हणाले, तर सापडेपर्यंत काउंटरवरून हलू नका.