कॉनन झाडावरून स्वतः सुटत नाही

१९८२च्या 'कॉनन द बार्बेरियन'मध्ये नायकाला वाळवंटातल्या एका मेलेल्या झाडावर खिळे ठोकून मरायला सोडतात. या प्रसंगाबद्दल एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचं म्हणणं असं: नायक ताकदीच्या जोरावर सुटतो, प्रसंग कापला तरी कथेला फरक पडत नाही, त्या वर्षीच्या इतर चित्रपटांनी तो उचलला, असा माणूस जगूच शकत नाही, आणि मुळात ही येशूच्या कथेची नक्कल आहे.

पहिला मुद्दा सर्वांत चुकीचा, म्हणून तो आधी बघू. कॉनन पुजाऱ्याच्या वेशात खलनायक थल्सा डूमच्या डोंगरात शिरतो, पकडला जातो, बेदम मार खातो. पोलादापेक्षा देह बलवान, असं डूम त्याला सांगतो आणि ते दाखवायला कड्यावरच्या एका मुलीला नुसत्या हाकेने खाली उडी घ्यायला लावतो. मग त्याला झाडावर चढवतात. तिथे कॉननकडे उरतात फक्त दात. अंगावर आलेल्या गिधाडाच्या मानेचा तो चावा घेतो, आणि त्यापुढे त्याच्याने काहीच होत नाही. त्याचा साथीदार सुबोताय त्याला शोधून खाली काढतो. मांत्रिक त्याच्या अंगभर अक्षरं रंगवतो. रात्री त्याला न्यायला आलेल्या भुतांशी झुंजते ती त्याची प्रेयसी व्हॅलेरिया.

गैरसमजाचं मूळ बहुधा आधीच्या, चक्र ओढण्याच्या प्रसंगात आहे. लहान कॉननला इतर मुलांबरोबर घाण्याच्या बैलासारखं जुंपतात, ऋतू सरतात, बाकीचे संपतात आणि पिळदार अंगाचा तो एकटा उरतो. तेवढंच लक्षात राहिलं की कैद म्हणजे तालीम वाटू लागते. पण चित्रपटात कैदेचे तीन टप्पे आहेत: चक्रावर शरीर घडतं, झुंजीच्या आखाड्यात त्या शरीराला टाळ्या मिळतात आणि झाडावर तेच शरीर निरुपयोगी ठरतं. हा क्रम मला पटकथेतली सर्वांत भक्कम गोष्ट वाटतो.

म्हणूनच प्रसंग कापता येत नाही. कॉननला वाचवायचं तर देव किंमत वसूल करतील, असं मांत्रिक बजावतो. 'मी देईन,' असं व्हॅलेरिया म्हणते. पुढे डूम सापाचा बाण करून सोडतो आणि तो तिला लागतो, तेव्हा ती किंमत चुकती होते. झाड काढून टाका, तिचं मरण निव्वळ अपघात होईल आणि शेवटच्या लढाईत तिचं क्षणभर परतणंही अधांतरी राहील.

चोरीचा आरोप तारखेपुढेच टिकत नाही. 'द सोर्ड अँड द सॉर्सरर' अमेरिकेत १९८२च्या एप्रिलमध्ये लागला, 'कॉनन' मे महिन्यात. शिवाय तिथला नायक टॅलन भर मेजवानीत क्रूसावर ठोकला जातो आणि हिसका देऊन खिळ्यांतून स्वतःच सुटतो. म्हणजे लोक कॉननच्या नावावर जे खपवतात, ते टॅलनचं आहे. तिथे वेदना हा पराक्रमाचा भाग आहे, इथे पराभवाचा.

काहींना झाडच खोटं वाटतं. ते बनवलेलंच होतं, स्पेनमधल्या आल्मेरियाजवळ: लाकूड-लोखंडाचा सांगाडा, वर प्लास्टर आणि थर्माकोलचे थर. बुडाशी फिरता पाट होता, कारण चित्रीकरण तीन दिवस चाललं. सूर्य सरकला की सावल्या बदलतात आणि दोन शॉट जुळत नाहीत, म्हणून अख्खं झाडच फिरवून सावली जागेवर ठेवत. कॉनन झालेला अर्नोल्ड श्वार्झनेगर सायकलच्या सीटवर बसलेला असे, खिळे खोटे.

जगण्याबद्दल. खिळे ठोकताच माणूस रक्त जाऊन मरतो, ही कल्पना चूक आहे. खिळा जखमेतच असतो. मरण तासन् तास, कधी काही दिवस लांबतं: तहान, ऊन, धक्का, श्वासाची ओढाताण. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस आत्मचरित्रात लिहितो की त्याने रोमन सेनापती टायटसला विनवून आपल्या ओळखीच्या तिघांना क्रूसावरून उतरवलं. दोघे उपचार चालू असताना गेले, एक जगला. वाचण्याची शक्यता कमी होती, शून्य नव्हती.

राहिली येशूची नक्कल. मरणातून परतणाऱ्या माणसाचं साम्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण अंगावर अक्षरं रंगवून भुतांपासून लपवणं ही जपानी दंतकथेतल्या होइची या अंध वादकाची कथा आहे, ज्याचे कान रंगवायचे राहिले. गिधाडाचा चावा कॉननचा जनक रॉबर्ट ई. हॉवर्ड याच्या १९३४च्या 'अ विच शॅल बी बॉर्न' या कथेतून थेट आला आहे. त्या कथेतही कॉनन आपला आपण सुटत नाही. ओल्गर्ड नावाचा टोळीप्रमुख क्रूस बुंध्याशी तोडायला लावतो, आपटून मेला तर मेला, आणि नंतर पाण्याचा थेंब न देता दहा मैल घोड्यावर नेतो. क्षमेचा तर प्रश्नच नाही. ज्या कॉन्स्टँटियसने त्याला क्रूसावर ठोकलं, त्याला शेवटी कॉनन तसंच ठोकतो आणि ऐकवतो की तुला छळ करता येतो, सोसता येत नाही.