काच पुसू की रस्ता बघू?

ताम्हिणी घाट, गणपतीच्या आदल्या दिवशीची दुपार, बाहेर धो धो पाऊस. गाडीत आम्ही पाच जण, त्यातले दोघे नुकतेच भज्यांसाठी उतरून चिंब भिजून आलेले. पुढच्या काचेवर आतून वाफ धरणार हे शाळकरी पोरालाही कळतं. आमच्या जुन्या गाडीत यावर इलाज होता. डाव्या हाताने एक गोल नॉब फिरवायचा, शेजारचं एसीचं बटण दाबायचं, नजर रस्त्यावरच. वारा काचेवर, एसी आतली हवा कोरडी करतोय, आणि थोड्या वेळात काच लख्ख.

नव्या गाडीत काय आहे? सव्वादहा इंची टचस्क्रीन आहे! शोरूममधल्या पोराने ती अशी दाखवली होती, जणू पैठणीची घडी उलगडतोय. “सर, एकही बटण नाही, एकदम क्लीन लुक!” आम्हीही बावळटासारखे खूश झालो.

तर घाटात त्या क्लीन लुकवर गुगल मॅप होता. नेटवर्क नाही, म्हणून मॅप म्हणजे राखाडी चौकोन आणि त्यात हरवलेला निळा बाण. आधी त्यातून बाहेर पडा, मग होम, मग क्लायमेट म्हणजे एसीचं पान, मग ते इवलंसं चित्र शोधा ज्यात खुर्चीत एक माणूस बसलाय आणि त्याच्या अंगावर बाण सुटलेत. त्यातला कुठला बाण काचेकडे जातो ते ओळखा. माझं बोट ओलं. बोटाच्या स्पर्शाने विद्युतभार किती बदलला यावर ही स्क्रीन चालते, पाणी मधे आलं की ती भांबावते. पहिल्या टचला काहीच नाही. दुसऱ्या टचला गाडी खड्ड्यात आदळली आणि बोट सरकून एफएमवर. ताम्हिणीत एफएम! नुसती खरखर. आणि त्या खरखरीत, धुरकट काचेतून, वळणावर एक लाल ठिपका मोठा होत येतोय. एसटी.

“अहो, समोर बघा!” बायको किंचाळली आणि तिने आडवं होऊन ओढणीनेच माझ्यासमोरची काच पुसली.

मी नंतर हिशोब केला. ताशी ४० ने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. सहा सेकंद मी खाली मान घालून बसलो होतो. म्हणजे ६६ मीटर, घाटात, वळणावर, आंधळा.

आणि वर गाडीच्या कंपनीचा शहाणपणा बघा. रोज सकाळी गाडी सुरू केली की स्क्रीनवर पाटी येते: वाहन चालवताना स्क्रीन वापरू नका, लक्ष रस्त्यावर ठेवा. खाली ‘मान्य’. अरे, एसी कुठे ठेवलाय तुम्ही? त्याच स्क्रीनच्या पोटात ना? मग वापरू नका म्हणजे मे महिन्यात नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये शिजून मरा असं सरळ लिहा की! ‘मान्य’ दाबेपर्यंत रिव्हर्स कॅमेरा सोडून दुसरं काही दिसत नाही, म्हणून मी रोज मान्य करतो. न वाचता.

कुणी म्हणेल, सवयीचा प्रश्न आहे. अजिबात नाही. नॉब हाताला सापडतो. स्क्रीनची काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत, तिच्यावर बोटाला काय सापडणार? स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाने २०२२ मध्ये हे मोजूनच दाखवलं. ताशी ११० च्या वेगाने चालकांना एसी, रेडिओ अशी चार कामं करायला लावली. २००५ सालच्या, बटणंवाल्या जुनाट व्होल्वोत ती दहा सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये उरकली. स्क्रीनवाल्या नव्या गाड्यांपैकी सगळ्यात मागे राहिलेलीला जवळपास ४५ सेकंद लागले. १,३७२ मीटर! सव्वा किलोमीटरच्या वर एसीशी कुस्ती!

अमेरिकेच्या नौदलाचंही हेच झालं. ‘जॉन एस. मॅकेन’ या युद्धनौकेचं सुकाणू आणि इंजिनाचा वेग टचस्क्रीनवर होता. २०१७ मध्ये सिंगापूरजवळ तिची तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली, दहा नौसैनिक गेले. चौकशीत बाकीच्या चुकांबरोबर त्या स्क्रीनवरही बोट ठेवलं गेलं, आणि नौदलाने वेगासाठी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवायचं ठरवलं. प्रशिक्षित खलाशांची ही गत, आणि मी तर मागच्या सीटवर भांडणारी दोन पोरं घेऊन गाडी चालवतो. युरोपात सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे यांना खरीखुरी बटणं हवीत असा नियम केलाय. एसी त्या यादीत नाही. म्हणजे आमची ओढणी चालूच.

बरं, वापरायला त्रास तो त्रास, वर या बयेचे लाड किती! मॅन्युअल सांगतं, मऊ, कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसा, स्प्रे थेट मारू नका, अमोनिया नको, अल्कोहोल नको. आमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारे मामा येतात. एक बादली, एक फडकं, चाळीस गाड्या. त्यांनी एकदा प्रेमाने आतूनही पुसली. बॉनेटवरची धूळ घेतलेल्या त्याच फडक्याने. स्क्रीनवर आता चंद्रकोरीसारखे ओरखडे आहेत, दुपारी चारचं ऊन पडलं की कोरीव लेणी दिसते. मामांचं काय चुकलं? टेपचा नॉब पन्नास वर्षं असाच पुसला गेला, त्याने कधी तक्रार केली नाही. उरलेली चकाकी मेहुण्याने घालवली, घरच्या खिडक्यांचा निळा स्प्रे फवारून. वरचा थर गेला, ढगाळ डाग राहिले. शिवाय चालू स्क्रीन पुसली की प्रत्येक पुसण्यागणिक काहीतरी दाबलं जातं. एकदा पुसून झाल्यावर सगळी भाषाच बदलली. कोणती झाली ते वाचता येईना, म्हणून परत कशी आणायची तेही कळेना!

मराठीचं तर नावच काढू नका. बाबांची भजनं पेन ड्राइव्हवर भरली. आधी पेन ड्राइव्हच वाचेना, मग कुणीतरी सांगितलं की फॅट ३२ मध्ये, म्हणजे फाइली साठवायच्या जुन्या पद्धतीत, फॉरमॅट करा. केला. आता गाणी वाजतात, पण देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन. बाबा चष्मा वर करून विचारतात, “यातला ज्ञानेश्वरांचा चौकोन कुठला रे?”

घाटानंतर मी सर्व्हिस सेंटरला गेलो. टच उशिरा लागतो, कधी लागतच नाही, अशी तक्रार लिहून दिली. दिवसभर गाडी ठेवून घेतली. संध्याकाळी सांगितलं, पॅनेल पूर्ण बदलावं लागेल, बावन्न हजार, वॉरंटी मागच्याच महिन्यात संपलीय. तेवढ्या पैशांत आमच्या पहिल्या सेकंडहँड गाडीचं निम्मं बिल भागलं असतं. मी नको म्हटल्यावर तो पोरगा म्हणाला, “सर, सॉफ्टवेअर अपडेट फ्री मारून दिलंय, इंटरफेस एकदम फ्रेश झालाय.”

झालाय खरा. रंग बदललेत, चिन्हं गोल झालीत. आणि क्लायमेटचं चित्र, जे इतक्या महिन्यांत कसंबसं बोटाला पाठ होत आलं होतं, ते डावीकडून उजवीकडे गेलंय. मी गाडीत जुन्या बनियनचा एक तुकडा ठेवलाय. पुढच्या काचेसाठी.