आयटी रोजगार मेळाव्याच्या ‘नोंदणी शुल्का’बाबत खुलासा

‘सरकारी आयटी रोजगार मेळावा: पैसे भरून नाव नोंदवा, नोकरी हमखास’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. राज्याच्या कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभागाचे पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे उमेदवारांसाठी मोफत असतात. ‘महास्वयम’ या सरकारी रोजगार पोर्टलवरची नोंदणीही फुकटच.

आणि हमी? ती देणार कोण? निवड कंपन्या करतात, विभाग नाही. मेळाव्यात बहुधा प्राथमिक मुलाखतच होते. कोडिंगची परीक्षा, पुढच्या फेऱ्या कंपनी नंतर घेते. ‘ऑनलाइन पैसे भरा’ म्हणणाऱ्याला कुणी फसून पैसे दिलेच असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. बायोडेटाच्या चार-पाच प्रती मात्र घरूनच न्या. झेरॉक्सला गेलात की रांगेतला नंबर गेलाच.