‘पिकअपला घरी हात लावू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पिकअपवाल्यांमध्ये एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: हल्लीची पिकअप म्हणजे चाकांवरचा कॉम्प्युटर. घरी पाना लावलात की वॉरंटी गेली. गाडीखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. घरी ऑइल बदलणारे चेंबरचे (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचे) आटे तरी घालवतात, नाहीतर फिल्टर गळका बसवतात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरांच्या गोळ्याचं) ऑइल आयुष्यभराचं असतं, त्याला हात लावायचाच नसतो. ब्रेक आणि डिझेलच्या लाइनला हात लावून काही झालं तर जबाबदार कोण, असा दमही आहे. वर, सर्व्हिस सेंटरला गाडी नखशिखांत तपासली जातेच, मग घरी हात काळे करून मिळवायचं काय? आणि जाता जाता, घरी काढलेलं ऑइल शेवटी गटारातच जातं, असा टोमणा.

यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच बाकीच्या त्यांच्या आडून खपून जातात. एकेक मुद्दा घेऊ.

‘घरी काम केलं की वॉरंटी रद्द.’

सरसकट खोटं. अमेरिकेत तर १९७५ पासून मॅग्नसन-मॉस कायदा आहे. आमचाच पार्ट वापरा, आमच्याकडेच काम करा, अशी अट कंपनीला वॉरंटीला जोडता येत नाही. तो पार्ट किंवा ते काम ती फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. बाहेरच्या पार्टमुळे किंवा कामामुळे बिघाड झाला असं म्हणायचं असेल, तर ते कंपनीने दाखवायचं. सगळीकडे असाच कायदा नाही, त्यामुळे आपल्या वॉरंटीची पुस्तिका वाचायची. अधिकृत सर्व्हिसची अट असेल तर ती तिथेच लिहिलेली असते, आणि तशी असेल तर वॉरंटी संपेपर्यंत ऑइल बदलायच्या भानगडीत पडू नये. पण डिपस्टिक बघणं, टायरची हवा तपासणं, निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) ग्रीस मारणं यांनी वॉरंटी जात नाही. स्वतः ऑइल बदललं तर ऑइल-फिल्टरचं बिल, तारीख आणि किलोमीटर एका वहीत ठेवावेत. वाद झालाच तर ती वही कामाला येते.

‘आजची गाडी कॉम्प्युटरवर चालते.’

इंजिनात डिझेल किती आणि कधी जायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, हे बरोबर. पण चेंबरचा नट अजून नटच आहे, एअर फिल्टर अजून कागदाचाच आहे आणि मागचे पाटे नट-बोल्टांनीच आवळलेले आहेत. उलट कॉम्प्युटरने काम सोपं केलं. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत ते १९९६ पासून सक्तीचं झालं. त्यात हाताच्या पंजाएवढा स्कॅनर लावला की पिवळा दिवा का लागलाय त्याचा कोड मिळतो. कोड म्हणजे निदान नव्हे, कुठे बघायचं ते कळतं एवढंच. एक सावधगिरी मात्र खरी आहे: हँडब्रेक बटणावरचा असेल, तर सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय मागच्या ब्रेक कॅलिपरला हात लावू नये.

‘गाडीखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ.’

हा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि नेमका कुठला अर्धा खरा ते मेसेजमध्ये नाही.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही, एका मिनिटासाठीही जाऊ नये. हायड्रॉलिक जॅकचं सील गेलं की तो खाली यायला वेळ लागत नाही. गाडी उचलली की चेसिसखाली किंवा अॅक्सलच्या नळीखाली, पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच, जॅक स्टँड म्हणजे घोड्या लावायच्या, वजन त्यांच्यावर उतरवायचं, गाडीला कडेने जोरात हलवून बघायचं, आणि मगच खाली जायचं. जमीन पक्की आणि सपाट हवी. विटा, लाकडाचे ओंडके, जुन्या रिम यांच्यावर गाडी टेकवायची नाही.

आता पिकअपची खास गोम. बहुतेक पिकअपचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. ‘पी’मध्ये (ऑटोमॅटिकच्या पार्कमध्ये) किंवा गिअरमध्ये टाकलेली गाडी अडते तीही प्रोपेलर शाफ्टमधून, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे जाणाऱ्या दांड्यातून, म्हणजे पुन्हा मागच्याच चाकांवर. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियल त्या चाकाला मोकळं फिरू देतं, आणि ‘पी’ असूनही जमिनीवरचं दुसरं चाक घरंगळू शकतं. त्या घडीला गाडी धरून ठेवतो तो एकटा हँडब्रेक. मागची दोन्ही चाकं उचलली तर तोही गेला. पुढची चाकं मोकळी आणि गाडी घोड्यांवरून सरकायला तयार. म्हणून जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून आणि मागून दोन्हीकडून ठोकळे, आणि तेही जॅक लावण्याआधी. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) न्यूट्रलमध्ये राहिली असेल तर ‘पी’ला काहीच अर्थ उरत नाही, हेही बघायचं.

उरलेला अर्धा असा, की पिकअप मुळात उंच असते. ऑइल काढणं, फिल्टर बदलणं, शाफ्टच्या सांध्याला म्हणजे क्रॉसला ग्रीस मारणं, डिफरन्शियलची पातळी बघणं ही कामं बऱ्याच पिकअपमध्ये चारही चाकं जमिनीवर ठेवून, आडवं पडून होतात. जॅक लावावाच लागत नाही. ज्या भीतीवर मेसेज उभा आहे ती यातल्या निम्म्या कामांना लागूच होत नाही.

‘आटे जातात, फिल्टर गळतो.’

जातात आणि गळतोही. घरी आणि गॅरेजमध्येही, आणि कारणं दोन्हीकडे तीच. चेंबरचा नट साधारण ३०-४० न्यूटन मीटरला आवळायचा असतो; नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो, तो पुस्तिकेत असतो. चाकाच्या नटाला लागणारा जोर याच्या तिपटीच्या घरात. ज्या हाताला चाक आवळायची सवय, तो हात अॅल्युमिनियमच्या चेंबरवर तसाच चालला की आटे गेलेच. इलाज म्हणजे टॉर्क रेंच (किती जोर लागला ते कळणारा पाना), नवं वायसर, आणि सुरुवातीचे आटे पान्याने नाही तर बोटांनी बसवणं. बोटांनी फिरत नसेल तर नट तिरका बसतोय. काढून पुन्हा लावायचा.

फिल्टर गळण्याचं एक कारण तर गमतीचं आहे. जुना फिल्टर निघतो, पण त्याचं रबर इंजिनलाच चिकटून राहतं. त्याच्यावर नवा फिल्टर नव्या रबरासकट बसतो. दोन रबरं एकावर एक, आणि इंजिन सुरू केल्यावर प्रेशर आलं की ऑइलची धार. म्हणून जुना फिल्टर हातात आला की आधी त्याचं रबर जागेवर आहे का ते बघायचं आणि इंजिनाकडची जागा चिंधीने पुसायची. नव्याच्या रबराला ऑइलचं बोट फिरवायचं आणि फिल्टर टेकल्यावर त्याच्यावर लिहिलं असेल तेवढाच, बहुधा पाऊण फेरा, हाताने आवळायचा. मग इंजिन मिनिटभर चालवायचं, बंद करायचं, टॉर्च घेऊन खाली बघायचं.

ऑइल काळं दिसलं म्हणजे खराब झालं, असंही याच मेसेजमध्ये घुसडलंय. डिझेल इंजिनात नवं ऑइल लवकरच काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगापेक्षा पातळी बघा, आणि पातळी घटण्याइतकंच ती वाढण्याकडेही लक्ष द्या. सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल पिकअप सतत छोट्या फेऱ्या मारत असतील, तर त्या फिल्टरमधली काजळी जाळून साफ करण्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल थोडं थोडं चेंबरमध्ये उतरतं. ऑइल न ओतता डिपस्टिकवरची रेघ चढत असेल, तर ते डिझेल आहे आणि ऑइल पातळ होतंय. ही गोष्ट अधूनमधून डिपस्टिक बघणाऱ्यालाच कळणार. अशा गाड्यांना ऑइलही पुस्तिकेत सांगितलेल्या कमी राखेच्या प्रतीचंच लागतं. नुसता ‘५डब्ल्यू-३०’ हा ऑइलच्या घट्टपणाचा आकडा जुळला म्हणून कुठलाही डबा चालत नाही.

‘लाइफटाइम ऑइल.’

कोणाचं आयुष्य, ते लिहिलेलं नसतं. अनेक कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. मात्र हे काम मी तरी घरी करा म्हणणार नाही. तिथे पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान ठरावीक अंशांत असताना, खालच्या बोल्टातून. चालू गाडीखाली आडवं पडायला लावणारं काम गॅरेजच्या लिफ्टवरच बरं.

मागच्या डिफरन्शियलचं तसं नाही. ते पिकअपमधलं सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत सोपं ऑइल आहे. ओझं, ट्रेलर आणि पाण्यातून जाणं हे तिन्ही तेच सोसतं. दोन बोल्ट असतात: वरचा भरायचा, खालचा काढायचा. आधी वरचा सोडवायचा. तो गंजून बसला असेल आणि खालचा आधी काढला, तर रिकामं डिफरन्शियल घेऊन गाडी अंगणात अडकली. वरचा सुटला की खालचा काढा आणि त्याच्या टोकाचं चुंबक बोटांनी पुसा. राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप आला तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे आले तर गाडी मेकॅनिककडे. आणि ऑइल दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलंय. चालून तापलेला अॅक्सल पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते; वरची ब्रीदरची (हवा ये-जा करायची) नळी चिखलाने बुजलेली असेल, तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. नवं ऑइल ओतण्याआधी ती नळी मोकळी करायची. मग सपाट जागेवर, भोकाच्या खालच्या काठाशी येईपर्यंत भरायचं. बहुतेक ठिकाणी जीएल-५ प्रतीचं ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० लागतं. डिफरन्शियल लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारं) असेल तर त्याचं अॅडिटिव्हही. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये हेच उरलेलं ऑइल ओतायचा मोह टाळावा. काही गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना ते मानवत नाही.

‘ब्रेक आणि डिझेलच्या लाइनला हात लावू नका.’

इथे मेसेज बरोबर आहे, पण रेघ चुकीच्या जागी मारलीय. आजच्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनात डिझेलचा दाब १,६०० ते २,००० बारपर्यंत, कधी त्याहून वर जातो. पंपापासून इंजेक्टरपर्यंतचे धातूचे पाइप घरी सैल करायचे नाहीत. बारीक धार कातडीतून आत घुसते आणि जखम दिसते तेवढी साधी नसते. पण फिल्टरच्या तळाचं पाणी काढणं हे कमी दाबाच्या बाजूचं काम आहे. फिल्टरच बदलला तर हातपंपाने किंवा किल्लीने लाइन भरून घ्यायची. कोरडा स्टार्टर मारत बसलं तर डिझेलवरच वंगण मिळवणारा पंप झिजतो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावरची किमान मर्यादा १५५. भरलेली पिकअप घाट उतरताना हा फरक पायाखाली कळतो. पातळी बघणं, पॅडची जाडी बघणं घरी. हवा काढणं, कॅलिपर, ड्रम हे ज्याने कोणाच्या हाताखाली शिकून घेतलंय त्यानेच. एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला आणि एसीच्या गॅसला हात नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकणही नाही.

‘सर्व्हिस सेंटरला सगळं बघतात.’

जॉबकार्डवर असेल ते बघतात. हौद्याखाली टांगलेली स्टेपनी शेवटची कधी खाली उतरवली होती, ते विचारून बघा. तिची विंचची दोरी चिखल-पाण्यात गंजते, आणि ते कळतं टायर फुटल्यावरच. वर्षातून एकदोनदा उतरवा, दोरीला ग्रीस लावा, स्टेपनीत हवा भरा. पाट्यांचे यू-बोल्ट सैल झालेत का, गाडी निघताना ‘टक्’ आवाज येतो का, तेही बघा. आवाज येत असेल तर शाफ्टचा स्लाइडिंग जॉइंट कोरडा पडलेला असू शकतो. क्रॉसला निपल असेल तर चारही टोपणांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. निपल नसेल तर तो सीलबंद आहे, सोडून द्या.

हवेचंही तेच. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर बऱ्याचदा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगवेगळे आकडे असतात, मागच्या टायरचा फरक मोठा असतो. टायरच्या कडेला छापलेला आकडा ही टायरची कमाल मर्यादा आहे, आपल्याला भरायची हवा नव्हे. उद्या ओझं भरणार की नाही हे सर्व्हिस सेंटरला माहीत नसतं.

‘ऑइल गटारात जातं.’

जो ओततो त्याचं जातं, आणि त्याला बोलावंच. ऑइल ज्या डब्यातून आलं त्याच डब्यात नरसाळ्याने परत भरा, झाकण लावा, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याकडे किंवा गॅरेजच्या पिंपात द्या. फिल्टर भोक खाली करून रात्रभर निथळू द्या, त्यात बरंच उरलेलं असतं. कूलंट त्याच डब्यात ओतू नका. मिसळलं की ते ऑइल पुन्हा वापरण्याजोगं करणं अवघड होतं. आणि कूलंट उघड्या घमेल्यात अंगणात ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात.