खुलासा: सूर्य उगवतो तिथे ‘बरोबर’ पूर्व नसते

पालकांच्या गटांवर संदेश फिरतोय: ‘उगवत्या सूर्याकडे तोंड करा, समोर बरोबर पूर्व. मुलांना नकाशा असाच लावायला शिकवा.’

हे २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच खरं असतं. पुण्यात जूनमध्ये सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेकडे. आमच्या गच्चीच्या कठड्यावर मुलांनी डिसेंबरात आणि मेमध्ये केलेल्या खुणा एकमेकींपासून किती लांब आहेत!

पहिलीतल्या मुलाला ढोबळ पूर्व दाखवायला सूर्य पुरतो. नकाशा लावायचा तर हिवाळ्यात अंगणात सरळ काठी रोवा. दुपारी साडेबाराच्या आसपास पडणारी सर्वांत आखूड सावली म्हणजे उत्तर-दक्षिण रेषा.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याखाली हा खुलासा जोडा.