मुहूर्त बघा, मांजराचं नंतर बघू

घर बदलताय? अभिनंदन. शिवाजी पेठेतलं आजोबांच्या वेळचं घर सोडून कळंब्याकडं टू बीएचके, लिफ्टसकट. घरात एक कुत्रं आणि एक मांजर आहे म्हणता? मग आमचा सल्ला ऐका. मागच्या दिवाळीत आम्ही हेच सगळं केलंय, आणि त्यात होण्यासारखी एकही चूक सोडलेली नाही.

आधी मुहूर्त. दिवाळीचाच पाडवा धरा. साडेतीन मुहूर्तांतला हा अर्धा, पण जनावरांची दाणादाण उडवायला पुरेपूर. अक्षय्य तृतीयेला काय, गल्लीत सगळं शांत. दिवाळीच्या पाडव्याला पहाटेपासून फटाक्यांच्या माळा लागतात, आणि कोल्हापूर असल्यामुळं वर म्हशी. शिंगं रंगवलेल्या, अंगावर झूल घातलेल्या, पुढं फटफट करणारी मोटारसायकल आणि तिच्यामागं जीव खाऊन पळणारी मालकाची लाडकी. बघायला भारीच. फक्त माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं आणि कुत्र्याला चाळीस हजारांच्याही वरचं, एवढं विसरायचं. आमचा टायगर नावाला जागून पहाटे पाचलाच कॉटखाली गेला. आम्ही त्याला बोलवत बसलो नाही. नवाच्या मुहूर्ताला हमालांनी कॉट उचलली, टायगर आपोआप उघडा पडला.

लसीकरणाचं कार्ड सगळ्यात खालच्या खोक्यात, पितळी भांड्यांच्या तळाशी ठेवा. रेबीजची लस दरवर्षी द्यायची असते, पण कार्ड दरवर्षी सापडलंच पाहिजे असं कुठं आहे? निघायच्या आधी कुत्र्याला पोटभर मटण-भाकरी घाला. बिचाऱ्याचा प्रवास आहे. छोटा हत्तीच्या हौद्यात गाद्यांवर बसवलं की वाटेतलं आपलं कोल्हापुरातलंच संभाजीनगर यायच्या आत ते सगळं गाद्यांवर परत मिळतं.

आता सोसायटी. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना आहेत. बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. त्याची प्रत काढून खिशात ठेवण्याचा भ्याडपणा आपण कोल्हापूरकरांनी करू नये. आपण थेट इतिहासात जावं. मी सेक्रेटरींना म्हटलं, "अहो, या गावात शाहू महाराजांनी शिकारीचे चित्ते पाळले होते."

ते म्हणाले, "महाराजांचा चित्ता लिफ्टनं जात नव्हता."

हे बोलताना त्यांच्या गॅलरीत हिरवागार पोपट "विठ्ठल, विठ्ठल" करत होता. 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार आपल्याकडचा हा पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. म्हणजे कायद्यानं पाळता येतो तो टायगर सोसायटीला चालत नाही, आणि जो येत नाही तो रोज सकाळी अख्ख्या विंगला हरिनाम ऐकवतो. पण नव्या शेजाऱ्याला पहिल्याच दिवशी असलं बोलू नये. मी बोललो नाही. हे जपून ठेवायचं असतं.

कुत्र्याचं फार मनावर घेऊ नका. माणसं दिसली, ताट दिसलं की त्याचं घर झालं. टायगरनं दुसऱ्या दिवशी वॉचमनला आपल्या घरातला धरलं. खरी करामत मांजरात आहे.

मांजराचं घर म्हणजे वास. दाराच्या चौकटीला, कपाटाच्या कोपऱ्याला गाल घासून त्यानं वर्षानुवर्षं सातबारा लिहिलेला असतो. तेव्हा नव्या घरात त्यातलं काही जाऊ देऊ नका. चादरी, सोफ्याची कव्हरं, मनी झोपायची ती उशी, सगळं गरम पाण्यात घाला. फरशीला फिनेल डबल मारा. जाणकार सांगतात, की मांजराला पहिले काही दिवस एकाच खोलीत, त्याच्या न धुतलेल्या अंथरुणावर ठेवावं आणि दोन-तीन आठवडे तरी बाहेर सोडू नये. हे ऐकायला कुणाला वेळ आहे? दूध उतू घालवायचंय, पूजा सांगायचीय, पाव्हणे येणारेत. दार सताड उघडं पाहिजे, नाहीतर लक्ष्मी आत कशी यायची?

मांजराच्या प्रवासाला जाळीची पेटी मिळते. तुम्ही मात्र पोतंच घ्या. पोत्यात घातलेलं मांजर आयुष्यभर ते पोतं आणि ते धरणारा हात लक्षात ठेवतं. माझ्या मनगटावर अजून खूण आहे.

दूध उतू गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पोतं उघडलं. पुढच्या क्षणी मनी नव्हती. जिन्यात नाही, पार्किंगमध्ये नाही. मुलीनं रडत चित्र काढलं, त्याच्या पन्नास झेरॉक्स काढून आम्ही तलावापर्यंत चिकटवल्या. चित्रातली मनी म्हशीसारखी दिसत होती, त्यामुळं दोन फोन आले तेही म्हशीबद्दल. मग कुणीतरी म्हणालं, मांजर जुन्या घरी जातं. पेठेत शेजारच्या आक्कांना फोन लावला.

"न्हाई बाबा, इकडं न्हाई आली," आक्का म्हणाल्या. "आली तर दूध घालतो आणि तुला फोन करतो. पर तिला इचारलं होतंस का जाताना?"

सुताराला विचारलं होतं, गुरुजींना विचारलं होतं, वास्तूवाल्याला तर पैसे देऊन विचारलं होतं.

दोन रात्री मी पेठेत जुन्या पत्र्याखाली उभं राहून "मने, मने" करत होतो. त्या घरात आता राहणाऱ्या वहिनींनी पहिल्या रात्री चहा दिला, दुसऱ्या रात्री नुसतंच खिडकीतून बघितलं. तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीत न उघडलेली खोकी रचली होती, त्यातलं एक शिंकलं. आत आईची गोधडी होती. धुवायची राहून गेलेली एकमेव. तिच्यावर मनी. म्हणजे एक खोली, जुना वास, अंधार, आणि आमचं तोंड न बघता तीन दिवस. सगळं शास्त्राप्रमाणं तिचं तिनंच करून घेतलं होतं.

ती गोधडी अजून धुतलेली नाही. मनी आता गॅलरीच्या कठड्यावर बसते आणि शेजारच्या पिंजऱ्याकडं तासन् तास बघते. विठ्ठलाचं नाव बंद पडलंय. सेक्रेटरी परवा तणतणत आले, "तुमचं मांजर आमच्या पोपटाला त्रास देतंय."

मी म्हटलं, "साहेब, लेखी द्या की. पोपटाच्या उल्लेखासकट."

अजून काही आलेलं नाही.